वैद्यकीय रहस्यकथा कशी वाचावी?

परीक्षा तोंडावर आली असता मुलाच्या हाती कादंबरी दिसली की वडिलांच्या कपाळास आठ्या पडतात, आणि त्यात नवल नाही. तथापि रहस्यकथेचा, विशेषतः वैद्यकीय रहस्यकथेचा, जो आनंद आहे त्याविषयी आम्ही आज मुलांच्या बाजूने दोन शब्द बोलणार आहो.

अमेरिकेतील नेत्रवैद्य रॉबिन कुक यांची ‘कोमा’ ही कादंबरी १९७७ साली प्रसिद्ध झाली. बोस्टन येथील एका इस्पितळात किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आलेली धडधाकट माणसे पुन्हा शुद्धीवरच येत नाहीत. असे का व्हावे, याचा शोध वैद्यक शिकणारी एक तरुणी घेऊ लागते. पुढे काय होते ते आम्ही सांगणार नाही; दुसऱ्याचा आनंद हिरावणे बरे नव्हे. परंतु ही गोडी येते कोठून? भीतीमुळे थोडी, पण प्रश्नामुळे अधिक. रोग्याचे प्रत्येक लक्षण हा येथे पुरावा असतो, आणि वाचकाचा पहिला संशय बहुधा खोटा ठरतो. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉईल हेही डॉक्टरच होते. आपले गुरू डॉ. जोसेफ बेल यांच्या सूक्ष्म निरीक्षणावरून त्यांनी आपला नायक घडविला.

असे एक रहस्य आपल्या देशात खरोखरच घडले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला व पुढे आपला नगर जिल्हाही त्यातून सुटला नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त प्लेगाचे ते दिवस आजही वाचावयास मिळतात. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगाची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःस टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली असता त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. लस हाफकिन यांच्या प्रयोगशाळेतून आलेली. सारा दोष त्यांच्या माथी आला व त्यांना आपले पद गमवावे लागले.

आता वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. मेलेले सर्व १९ जण एकाच बाटलीतील लस टोचलेले होते. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. तसेच, धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते तर दुर्गंधी यावयास हवी होती. ती आली नव्हती. मग जंतू शिरले कोठे, मुंबईस की त्या गावी? रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न लावून धरला, आणि १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ साली त्यांच्या प्रयोगशाळेस त्यांचेच नाव देण्यात आले.

पहिल्या संशयावर निकाल देणाऱ्यांनी एका सज्जनाची ऐन उमेदीची वर्षे वाया घालविली. रहस्यकथेचे शेवटचे पान आधी उघडू नये, असे आम्ही म्हणतो ते याकरिता. पुरावा पुरा होईपर्यंत मन मोकळे ठेवण्याची सवय तिच्यातून हसतखेळत लागते. तेव्हा पालकांस एवढीच विनंती, की अभ्यास आटोपला असेल तर दिवा मालविण्यापूर्वी मुलास आणखी एक प्रकरण वाचू द्यावे.