दातांच्या एक्स-रेत हाडांची खबर

कवळी बसवायला किंवा अक्कलदाढ काढायला होटगीहून सोलापूर गाठलं, की दातांचे डॉक्टर बऱ्याचदा ओपीजी काढायला सांगतात. दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा तो लांबट एक्स-रे. दाताचं काम झालं की तो माळ्यावर जातो. पाळी गेलेल्या भगिनींनी तो आधी डॉक्टरांपुढे ठेवून एक प्रश्न विचारावा: "खालच्या जबड्याची कड कशी आहे?"

निरोगी हाडात ही कड जाड, पांढरी, सलग दिसते. हाडं ठिसूळ होऊ लागली की ती पातळ होते, आतून कुरतडल्यासारखी दिसते. फिनलंडचे संशोधक क्लेमेट्टी यांनी १९९४ मध्ये तिच्या तीन पायऱ्या ठरवल्या. त्या आजही वापरात आहेत. हनुवटीच्या बाजूला नस बाहेर पडते, त्या छिद्राखाली कड ३ मिलिमीटरहून पातळ भरली तर पुढची तपासणी करावी, असं युरोपातले अभ्यासक सुचवतात.

ही फक्त शंका. निदान हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीवर. त्यात मणका किंवा खुब्याचा टी-स्कोअर (घनतेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. जबडा चांगला दिसला म्हणून मणके शाबूत, असंही समजू नका. आणि केवळ हाडांसाठी ओपीजी काढायला जाऊ नका. एकाच दाताच्या छोट्या एक्स-रेत तर ही कड सहसा येतच नाही.

आपल्याकडे विडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन दिवस दिवस घरात बसतात; अंगाला हाडांसाठी गरजेचं ऊन लागत नाही. त्यात मिश्री. दात ठणकला की आणखी मिश्री! तिने हिरड्या जातातच, पण तिच्यातला तंबाखू हाडांनाही पोखरतो. जेवणात ज्वारीची भाकरी, ती उत्तमच. मात्र १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम २८ मिलिग्रॅम, नाचणीत ३६० च्या आसपास. पाळी गेल्यावर रोजची गरज हजार-बाराशेची. तेव्हा दूध, दही, तीळ, आठवड्यात चार वेळा नाचणी.

हाडांसाठी अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवडी गोळी किंवा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं वार्षिक इंजेक्शन चालू असेल, तर दात काढण्याआधी दंतवैद्यांना सांगा. क्वचित अशा वेळी जखम भरत नाही, जबड्याचं हाड उघडं पडतं. औषध मात्र परस्पर बंद करू नका; ते दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचं.