टेंगूळ उतरलं, तरी घाई नको

माझा जन्म वर्धा जिल्ह्यातल्या शाळांत शिकवण्यात गेला. चिंचेवरून, कठडा नसलेल्या स्लॅबवरून, बैलगाडीवरून, बापाच्या मोटारसायकलवरून पडलेली लेकरं पुष्कळ पाहिली. घरचे टेंगूळ बघतात, हळद लावतात आणि ते उतरलं की निश्चिंत होतात. पण मडकं शाबूत राहिलं तरी आतलं विरजण हलतं, तसा मेंदू हादरलेला असतो. डॉक्टर त्याला कन्कशन म्हणतात. शुद्ध हरपली नाही तरी ते होतं. सीटी स्कॅनमध्ये बहुधा काही दिसत नाही, कारण तुटलेलं काही नसतं. मेंदूच्या पेशींचं काम तेवढं काही दिवस विस्कटलेलं असतं. घरात लहान लेकरू असलेल्या प्रत्येक आईबापाने पुढच्या गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

१. आधी धोक्याच्या खुणा पाहा. पुन्हापुन्हा उलट्या, वाढतच जाणारी डोकेदुखी, झटके, हाक मारूनही नीट जागं न होणं, बरळणं, हातापायात कमजोरी, डोळ्याची एक बाहुली लहान नि एक मोठी, नाकाकानातून पाण्यासारखं काही गळणं. तान्हं असेल तर दूध न ओढणं, कशानेच न थांबणारं रडणं, टाळू फुगणं. यातलं एकही दिसलं तर १०८ लावा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय, वर्ध्याचं जिल्हा रुग्णालय आपल्या हाताशी आहे. आर्वी-आष्टीकडच्यांना वाट लांब पडते, म्हणून त्यांनी तर मुळीच वेळ दवडू नये. बेशुद्ध लेकराला पाणी पाजू नका, कांदा हुंगवू नका, दंडाला धरून उचलू नका. उलटी होत असेल तर डोकं आणि मान एका रेषेत धरून कुशीवर वळवा.

२. स्कॅनचा हट्ट धरू नका. ‘फोटो काढा’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागणारे पुष्कळ असतात. लहान वयात किरणांचा मारा फुकटचा नको. कोणाला स्कॅन लागतो आणि कोणाला नुसती देखरेख पुरते, हे ठरवण्याचे तपासलेले नियम डॉक्टरांकडे आहेत. आपण फक्त खरं सांगावं: केवढ्या उंचीवरून पडलं, किती वाजता, नंतर कसं वागलं.

३. झोप येऊ द्या. ‘मार लागल्यावर झोपू देऊ नये’ असं जुनी माणसं सांगत. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर झोपच औषध आहे. रात्री उठवून बघायला त्यांनी सांगितलं असेल तर तेवढं करा. लेकरू आईला ओळखतं, धड बोलतं, पुन्हा झोपतं, एवढं बघितलं म्हणजे झालं. दुखत असेल तर वजनाप्रमाणे सांगितलेलं पॅरासिटामॉल द्या. दुसरी कुठलीही गोळी मनाने देऊ नका.

४. विसावा द्या, कोंडून ठेवू नका. पहिले २४ ते ४८ तास शांत जाऊ द्या. मोबाईल आणि टीव्ही बाजूला. पुढे आठवडाभर अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवलं तर लेकरू उलट खंगतं, चिडतं. दोन दिवसांनी अंगणात चालू द्या, शेंगा सोलू द्या, आजीशी गप्पा मारू द्या. डोकं थोडं जड झालं तर थांबायचं, जरा वेळाने पुन्हा सुरू करायचं. उन्हाळ्यात वर्ध्याच्या दुपारी मात्र बाहेर नको.

५. शाळा आधी अर्धाच दिवस ठेवा. पाचवीतला एक मुलगा पडल्यानंतर चौथ्याच दिवशी वर्गात आला. फळ्यावरचे भागाकार उतरवता उतरवता ओळ चुकला, डोळे मिटले आणि कपाळ बाकाला टेकवलं. विचारलं तर म्हणाला, “बाई, अंक सरकतात.” पोरं म्हणाली, ढोंग करतो. त्याला खिडकीच्या उजेडापासून दूर बसवलं, वही मित्राला उतरवायला दिली, दोन तासिका झाल्या की घरी पाठवलं. पुढच्या आठवड्यात तोच फळा त्याने पूर्ण उतरवला. चाचणी परीक्षा आणि ढीगभर गृहपाठ तेवढे दिवस मागे ठेवला तर वर्ष वाया जात नाही.

६. मैदान सगळ्यात शेवटी. पूर्ण वेळ शाळा सोसली की मगच खेळाकडे वळायचं. आधी चालणं, मग हलकं धावणं, मग एकट्याने चेंडू झेलणं, नंतर सोबत्यांबरोबर सराव, आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर कबड्डी किंवा सामना. एका पायरीवर किमान एक दिवस काढावा. त्रास वाढला तर एक पायरी मागे यावं. सायकल आणि झाडही तोवर बंद. पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसला तर मेंदू सुजून जीवावर बेतू शकतं. म्हणून खेळताना डोकं आपटलं की त्या दिवसाचा खेळ तिथेच संपला.

७. स्वभावाकडे लक्ष ठेवा. काही दिवस लेकरू चिडेल, रडवेलं होईल, विसरेल, आवाजाने कावेल. त्याला रागावू नका, मारू तर नकाच. बहुतेक मुलं दोन ते चार आठवड्यांत पूर्ववत होतात. महिना उलटूनही डोकेदुखी, घेरी किंवा अभ्यासात मन न लागणं राहिलं तर पुन्हा दवाखाना गाठा. त्यावरही उपचार आहेत.

८. पुढचा मार टाळा. स्लॅबला कठडा बांधा. दुचाकीवर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्याने लागतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या बाळालाही फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट आणि चालकाशी बांधणारा पट्टा सक्तीचा आहे, आणि अशा वेळी गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायची नाही.

शिक्षकांना वेगळी विनंती. डोक्याला मार लागून परतलेलं मूल ‘त्रास होतो’ म्हणालं तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. त्याचं दुखणं कुठल्याही पट्टीत बांधलेलं दिसत नाही, म्हणून ते सांगेल तेवढंच आपल्याला कळणार आहे.