गोठ्यातला दिवा ऐकत का नाही?

महागावात नागपूर-तुळजापूर महामार्गापासून थोडं आत एक जुनं घर आहे. भिंती चांगल्या जाड, मागे अंगण, अंगणापलीकडे गोठा. वाय-फाय पहिल्याच भिंतीशी मान टाकतो. म्हणून पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं दिवाळीत येऊन विजेच्या तारांमधूनच हुकूम पोचवणारा संच बसवला. बैठकीतल्या डबीचं बटण दाबलं की ओसरीचा दिवा, अंगणातला फोकस, गोठ्यातला बल्ब चालू-बंद होणार. नवी वायर ओढायला नको की भिंत फोडायला नको. हिवाळाभर सगळं छान चाललं. उन्हाळा लागला आणि गोठ्यातला दिवा संध्याकाळी ऐकेनासा झाला. ओसरीचा दिवा तर रात्री-बेरात्री आपला आपणच लागू लागला. डबी बिघडली असं समजून घरच्यांनी दुसरी मागवली. तिचीही तीच गत.

डबीचा दोष नव्हताच. पण ते कळायला ही यंत्रणा चालते कशी, हे थोडं पाहावं लागतं.

अशा संचांचा मूळपुरुष म्हणजे एक्स-टेन. स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथेसच्या पिको इलेक्ट्रॉनिक्स कंपनीनं तो 1975 मध्ये विकसित केला. घरातली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते आणि प्रत्येक आवर्तनात व्होल्टेज दोनदा शून्यावर येतं. त्या क्षणी तार त्यातल्या त्यात शांत असते. नेमकी ती वेळ साधून 120 किलोहर्ट्झचा एक मिलिसेकंदाचा इशारा तारेवर सोडायचा, इशारा असला तर एक, नसला तर शून्य. असा हुकूम पुरा व्हायला जवळजवळ सेकंद लागतो. 230 व्होल्टच्या लाटेवर स्वार झालेला हा इशारा असतो अवघ्या काही व्होल्टचा. त्याला मारायला फार काही लागत नाही.

मारणारे दोन जातींचे. एक गोंगाट करणारे: मिक्सरच्या मोटारीतल्या ब्रशच्या ठिणग्या, कूलरचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, रस्त्यावर ढिगानं विकले जाणारे स्वस्त एलईडी बल्ब. दुसरे गुपचूप गिळणारे, आणि शोधायला तेच जास्त अवघड. टीव्ही, कॉम्प्युटर, सर्ज प्रोटेक्शनवाला एक्स्टेन्शन बोर्ड यांच्या तोंडाशी गोंगाट दाबण्यासाठी छोटा कपॅसिटर बसवलेला असतो. 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला, तर 50 हर्ट्झच्या विजेला तो सुमारे 32 हजार ओहमचा अडथळा करतो, म्हणजे जवळपास नसल्यासारखाच. तोच 120 किलोहर्ट्झच्या इशाऱ्याला अवघे 13 ओहम दाखवतो. इशारा तिथेच जिरतो. गंमत अशी, की उपकरण जितकं चांगल्या बनावटीचं, तितकी ते इशारा गिळण्याची शक्यता जास्त. नवा टीव्ही आणला आणि जुना दिवा बंद पडला, अशी तक्रार आली तर हसू नये.

या घरी आलेल्या वायरमननं पेचकसाला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला: "काका, गोठ्याचा फेज कोनं बदलवला?"

काकांनीच बदलवला होता. उन्हाळ्यात एका फेजवर व्होल्टेज पडतं, पंखा रेंगाळतो, मग कटआउटमधला फ्यूज काढून गोठ्याची लाइन दुसऱ्या फेजवर टाकायची, हे थ्री फेज मीटर असलेल्या अनेक घरांत सर्रास चालतं. डबी एका फेजवर आणि दिवा दुसऱ्यावर गेला, की इशाऱ्याला डीपीपर्यंत जाऊन रोहित्रातून परत यावं लागतं. तेवढ्यात त्याचा जीव संपतो. अमेरिकेत एक्स-टेनवाल्यांचा जुना अनुभव आहे: 240 व्होल्टची विजेची शेगडी पेटवली की पलीकडच्या लाइनवरचे दिवे ऐकतात, शेगडी बंद केली की नाही. कारण शेगडीच दोन्ही लाइनी जोडणारा पूल होते.

इथे एक धोका स्पष्ट सांगायला हवा. पूलच हवा ना, मग दोन फेजमध्ये पंख्याचा कंडेन्सर टाकून देऊ, असं सुचवणारे गावोगावी भेटतात. हे अजिबात करू नये. 2.5 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर 120 किलोहर्ट्झला वाट देतो हे खरं. पण एक फेज गेला, की चालू फेजची वीज त्याच कंडेन्सरमधून गेलेल्या फेजवर येते. ‘लाइट नाही’ म्हणून तारेला हात लावणाऱ्याच्या अंगातून शंभर मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जाऊ शकतो. माणसांच्या रक्षणासाठी घरात बसवतात तो आरसीसीबी 30 मिलिअँपिअरला तुटतो, यावरून काय ते समजावं. पुलासाठीच बनवलेला फेज कपलर मिळतो. तो परवानाधारक माणसाकडून मेन बोर्डातच बसवून घ्यावा. काकांनी तर खर्चच टाळला: डबी आणि गोठा कायमचे एका फेजवर ठेवले.

उरलेल्या गुन्हेगारांसाठी पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते. डबी आणि एक दिवा यांची सर्किटं सोडून सगळे एमसीबी पाडायचे. हुकूम पोचला, तर एकेक एमसीबी चढवत जायचं. बिघडवणारं सर्किट सापडलं, की त्यावरचे प्लग एकेक करून पाहायचे. रिमोटनं बंद केलेला टीव्ही खरा बंद नसतो. आपल्याकडे भिंतीवरच्या सॉकेटला बटण असतं, तेच बंद करावं. गोंगाट करणारा हुडकायला जुना मीडियम वेव्ह ट्रान्झिस्टर उत्तम. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवून तो संशयिताजवळ न्यायचा, खरखर वाढली की चोर जवळ आहे.

बिघाड कधी होतो याची वेळ लिहून ठेवणं मात्र सगळ्यांत मोलाचं. वेल्समधल्या ॲबरहोसन गावात दीड वर्ष रोज सकाळी सातला ब्रॉडबँड कोलमडत असे. केबल बदलूनही फरक पडेना. अखेर इंजिनिअर गोंगाट मोजणारं यंत्र घेऊन भल्या पहाटेपासून गावात फिरले. एका घरात सातला लागणारा जुना टीव्ही निघाला. 2020 मध्ये ही बातमी जगभर गाजली.

चोर सापडल्यावर त्याच्याच प्लगवर फिल्टर बसवतात. 132 किंवा 220 केव्हीच्या उपकेंद्रात लाइनच्या तोंडाशी ढोलासारखं जाड वेटोळं टांगलेलं दिसतं. तो वेव्ह ट्रॅप. उपकेंद्रांमधले संदेश वीजवाहिनीवरूनच जातात. ते भलत्या वाटेला लागू नयेत आणि 50 हर्ट्झची वीज मात्र सुखानं जावी, म्हणून तो असतो. घरातला फिल्टर त्याचाच धाकटा भाऊ. तो घेताना किती अँपिअरचा आहे ते पाहावं. टीव्हीला पुरणारा फिल्टर कूलरच्या भाराला पुरेलच असं नाही.

ओसरीच्या दिव्याचं भूत वेगळंच निघालं. या संचातल्या काही मोड्यूलमधून, दिव्याचं स्वतःचं बटण कोणी दाबलं का हे ओळखण्यासाठी, बंद अवस्थेतही किंचित प्रवाह वाहतो. जुन्या पिवळ्या बल्बला त्याचं काही वाटत नाही. एलईडीतला कपॅसिटर मात्र त्यावर हळूहळू भरतो, दिवा लुकलुकतो आणि मोड्यूलला वाटतं बटण दाबलं गेलं. शेजारी समांतर एक झिरोचा बल्ब जोडला आणि भूत पळालं.

लाइट गेली की गोठा अजूनही ऐकत नाही, कारण इन्व्हर्टरवर फक्त बैठक आणि ओसरी आहे आणि त्या वेळी त्यांची तार मेनपासून तुटलेली असते. मिक्सर फिरत असतानाही दिवे हट्ट करतात. त्याला फिल्टर लावायचा विचार झाला होता, पण चटणी वाटायला लागतात दोन मिनिटं. काकूंनी तो खर्च नामंजूर केला.