फुलांतला खेंकडा-कोळी

वाशीमच्या बाजूस सोयाबीनची कापणी होऊन गेली म्हणजे मागें राहिलेलीं तुरीचीं तासें पिवळ्या फुलांनीं भरून येतात. अशाच एका शेतांत मालकानें आम्हांस एक मधमाशी दाखविली. ती फुलाखालीं उलटी लोंबत होती. "फवाऱ्यानें मेली, पाळकसाहेब," असें तो कष्टी होऊन म्हणाला. आम्हीं डहाळी वळवून पाहिली, तों माशीच्या मानेशीं तुरीच्या दाण्याएवढा पिवळा कोळी चिकटलेला!

हा खेंकडा-कोळी होय. ह्याच्या पायांचे पुढचे दोन जोड लांब व जाड असतात, आणि हा खेंकड्याप्रमाणें आडवा चालतो. घरांतल्या कोळ्यासारखें जाळें हा विणीत नाहीं. फुलांत निश्चल बसावें, आणि भक्ष्य जवळ आलें कीं पायांनीं धरून दंश करावा, एवढाच ह्याचा उद्योग. तो भक्ष्य चावून खात नाहीं, आंतला रस शोषितो. म्हणून मेलेली माशी बाहेरून जशीच्या तशी दिसते. मालकाची चूक येथेंच झाली. आपणांस दिसते ती बहुधा मादी. नर फारच लहान. मादी पान दुमडून त्यांत अंडीं घालिते व तीं राखीत बसते.

युरोप व अमेरिका ह्या खंडांतील एक जात पांढऱ्या फुलावर पांढरी व पिवळ्यावर पिवळी होते. मात्र रंग पालटावयास तिला कित्येक दिवस लागतात. ह्यावरून वाटेल कीं हें सोंग लपण्यासाठींच आहे. परंतु ऑस्ट्रेलियांतील एका जातीविषयीं २००३ सालीं निराळेंच प्रसिद्ध झालें. मनुष्यास न दिसणारा एक प्रकाश मधमाशीस दिसतो. तो ह्या कोळ्याच्या अंगावरून इतका परततो कीं माशी त्याच फुलाकडे ओढली जाते!

मग मधमाशीच्या ह्या वैऱ्यास मारावें काय? आमच्या मतें मारूं नये. कोळी एका वेळीं एकच माशी धरितो, व इतर किडेही खातो. भर फुलोऱ्यांत दिवसा मारलेला फवारा माशी, कोळी व कीड असा भेद करीत नाहीं. मनुष्याचाही करीत नाहीं. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषानें कित्येक शेतकरी व मजूर दगावले, हें वाचकांस ठाऊकच आहे. फवारणें भागच असेल तर माश्या परतल्यावर, सायंकाळीं, तोंड व हात झांकून करावें.

मालकानें थोडा वेळ पाहिलें, मग डहाळी हळूच सोडून दिली. कोळ्यानें माशी सोडली नाहीं.