केटल घेताना

चि. ईश्वरी,


तुझा मेसेज वाचला. हिंजवडीच्या फ्लॅटवर तुम्ही तिघी मिळून इलेक्ट्रिक केटल घेताय, छान आहे. कंपनीचं नाव मात्र मी सांगणार नाही. एकाच कंपनीची एक केटल चांगली निघते नि दुसरी नाही, हे दुरुस्तीच्या टेबलावर नेहमीच दिसतं. आधी तिघींनी एवढं ठरवा, की तिच्यात पाण्याशिवाय काहीही जाणार नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे चहा म्हणजे दूध-साखर-आलं घालून खळखळ उकळलेला. तो पातेल्यातच करायचा. केटलचा तळ म्हणजे स्टीलचा पत्रा, आणि त्याला खालून चिकटलेली कॉइल. दूध त्या पत्र्यावर करपून बसतं. थर जाड झाला की वर उष्णता जात नाही, तळ जास्त तापतो आणि तळाचा थर्मोस्टॅट मधेच वीज तोडतो. त्यात दूध उतू गेलं, तर साखरेचा फेस झाकणाजवळच्या वाफेच्या भोकात जाऊन वाळतो आणि केटल वेळेवर बंद होत नाही. माझ्याकडे बिघडून येणाऱ्या केटलचं झाकण मी सगळ्यात आधी उघडून हुंगतो. करपलेल्या दुधाचा वास आला की पुढचं सगळं कळतं. मॅगी शिजवणारेही याच रांगेतले.

चहासाठी केटल वापरायची ती अशी. पाणी तिच्यात उकळायचं, पातेल्यात आलं नि पावडर टाकून त्यावर ओतायचं, एक उकळी आली की दूध. गॅसवरचा बराच वेळ वाचतो. कोरा चहा, टी-बॅग, इन्स्टंट कॉफी तर हातासरशी होते. फिल्टर कॉफीला केटल बंद झाल्यावर अर्धा मिनिट थांब, मग पाणी ओत. ग्रीन टीला आणखी थोडं निवू दे, ८० अंशांच्या आसपास. खळखळत्या पाण्यात तो कडू होतो. तापमान ठरवता येणाऱ्या केटल मिळतात, पण रोज ग्रीन टी पिणारं कोणी नसेल, तर त्यासाठी जास्त पैसे घालवू नका. आतल्या निळ्या दिव्यासाठी तर नकोच.

आता तिचं खरं मर्म सांगतो, कारण दुकानात ते कोणी दाखवत नाही. झाकणाजवळ, मुठीच्या बाजूला आतून एक छोटं भोक असतं. पाणी उकळलं की वाफ त्या भोकातून स्विचपाशी जाते. तिथे नाण्याएवढी एक पातळ चकती असते, दोन वेगवेगळे धातू एकमेकांवर बसवून केलेली. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, म्हणून फुगीर चकती टक्‌कन उलटी होते आणि स्विच खाली पाडते. इंग्लंडमध्ये रसेल आणि हॉब्ज यांनी १९५५ साली आपोआप बंद होणारी केटल आणली, तीही अशाच दोन धातूंच्या पट्टीवर चालायची. म्हणून झाकण उघडं ठेवून पाणी कधीही उकळू नका. वाफ वरच निघून जाते, चकतीपर्यंत पोचत नाही, आणि पाणी आटेपर्यंत केटल चालूच राहते. घेताना झाकण घट्ट बसतंय ना, बिजागरी डगमगत नाही ना, हे हातानेच बघ. माझ्या मते स्टीलच्या चकाकीपेक्षा याला जास्त किंमत आहे.

दुसरी गोष्ट सॉकेटची. १५०० वॅटची केटल २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढते आणि भिंतीवरचा लहान सॉकेट सहा अँपिअरचा असतो. म्हणून ती १६ अँपिअरच्या मोठ्या पॉवर पॉइंटवरच लावा. स्वयंपाकघरात तो एकच असेल आणि तिथे मायक्रोवेव्ह बसला असेल, तर १२०० वॅटची घ्या. पाणी उकळायला मिनिटभर जास्त लागेल, एवढंच. एक्स्टेंशन बोर्डवर तर अजिबात नको. पहिल्या आठवड्यात पाणी उकळल्यावर प्लग काढून त्याच्या पिना दुरूनच हाताने अजमाव. चटका बसेल इतक्या तापत असतील तर सॉकेट सैल आहे. मालकाला सांगून तो बदलून घे, भीड धरू नकोस.

आकार तिघींना एक ते दीड लिटर पुरे. पण ‘मिन’ची खूण कुठे आहे ते बघ. काही केटलमध्ये ती अर्ध्या लिटरवर असते, म्हणजे एकटीच्या कपासाठीही अर्धा लिटर पाणी तापवायचं. लिटरभर पाण्याला साधारण ०.१ युनिट वीज लागते. खर्च फार नाही, पण सकाळी घाईत उगाच थांबावं लागतं. ‘मॅक्स’च्या वर भरलं तर उकळतं पाणी तोटीतून उडतं, ते जास्त वाईट.

आतून स्टीलची, कॉइल झाकलेली आणि हात आत जाईल एवढ्या तोंडाची घे. दुकानदार चुंबक लावून दाखवील. चुंबक चिकटलं नाही म्हणून ते ३०४ स्टील ठरत नाही, २०२ सारख्या हलक्या स्टीललाही ते चिकटत नाही. ३०४ असं लिहिलेलं बघ. आयएसआय मार्क असेल तर त्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघता येतो. बाहेरून दुहेरी आवरण असेल तर उत्तम, एकेरी स्टीलला हात लागला की भाजतो.

तुमच्या सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर महिन्या-दोन महिन्यांत तळाला पांढरा थर धरेल. तो क्षारांचा. घाबरायचं कारण नाही, आणि तारेच्या घासणीने खरवडायचंही नाही. अर्धी केटल पाणी, चमचाभर लिंबूसत्व, एक उकळी, अर्धा तास तसंच. मग दोनदा साधं पाणी उकळून ओतून दे. केटल पाण्याखाली बुडवून मात्र कधी धुऊ नका.

घेण्याआधी दोन फोटो पाठव, एक केटलच्या बुडाच्या लेबलचा आणि एक तुमच्या ओट्यावरच्या सॉकेटचा. तेवढ्यावर मी हो-नाही सांगतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
काका