गोलाईचा हिशेब

कामण, तालुका वसई

चिरंजीव बाळास,

पत्र पावले, मजकूर कळला. दुकानाच्या काउंटरला दर्शनी गोलाई द्यावी म्हणून 18 मिलिमीटरचा प्लायवूड तू ओल्या फडक्यांनी शेकून वाकवू पाहिलास आणि तो मधोमध तडकला, याचे मला नवल वाटले नाही. हाच पराक्रम एके पावसाळ्यात इथल्या गाळ्यात मीही केला आहे, आणि त्याची भरपाई पदरची द्यावी लागली.

वसईच्या किनाऱ्यावर फळी शेकून होडीला बाक आणतात ते तुझ्या मनात असावे. परंतु ती फळी अखंड, तिचे सारे तंतू एका दिशेचे, म्हणून उष्णतेने व ओलाव्याने त्यांना बांधणारे द्रव्य मृदू होताच ती नमते. प्लायवूडमध्ये एका थराचे तंतू उभे तर दुसऱ्याचे आडवे, सबब एकाला वळवू जाता दुसरा हरकत घेतो. थोनेट नावाच्या कारागिराने 1859 सालची आपली विख्यात खुर्ची वाफेने वाकवली तीही अखंड बीच लाकडाची. तत्पूर्वी हाच गृहस्थ पातळ पट्ट्या सरसात उकळून साच्यात आवळीत असे.

आता तुझ्या 18 मिलिमीटरच्या प्लायवूडचा हिशेब घे. वळणाची बाहेरची बाजू लांब व आतली आखूड असते, आणि काटकोनाच्या वळणात हा फरक जाडीच्या सुमारे 1.57 पट भरतो. 2 मिलिमीटरचा पापुद्रा राखून आतून 16 मिलिमीटर खोल खाचा पाडल्यास सुमारे 25 मिलिमीटर लाकूड वजा करावे लागेल, म्हणजे 3 मिलिमीटरचा चर पाडणाऱ्या करवतीच्या नऊ खाचा. मात्र नऊच खाचांनी गोलाईऐवजी कंगोरे दिसतात, व पॉलिश चढले की ते अधिकच उठतात, म्हणून 1.5 मिलिमीटरच्या पात्याने सतरा पाड.

माझे मत विचारशील, तर खाचा ही घाईच्या कामाची तजवीज. सवड असेल तर 4 मिलिमीटरचे तीन ताव, वरचे तंतू वळणाच्या अक्षाला समांतर ठेवून, सरस लावून साच्यावर शिकंज्यांनी आवळ. सरस ओला असेतो थर परस्परांवरून सरकतात आणि आतबाहेरचा फरक आपसांत मिटवतात. तो वाळला की मागे फिरण्याची मुभा कोणासच राहत नाही. तरीही साच्यातून सुटलेला माल किंचित उलगडतोच, म्हणून साचाच थोडा अधिक वळलेला करावा. श्रावणात हवा दमट असते तेव्हा मी शिकंजे दोन रात्री सोडत नाही, गिऱ्हाइकाने कितीही तगादा लावो.

रविवारी वसई-दिवा गाडीने कामण रोडला उतर. तडकलेला तुकडा टाकू नकोस, बरोबर आण. त्याच्यावरच सतरा खाचा पाडून पाहू.

तुझा,
काका