मिश्री व हिरड्यांचे आरोग्य



दारू सोडल्याची साक्ष आमच्या गावोगावच्या मंडळ्यांत पुष्कळांनी दिली आहे, व त्याबद्दल आम्ही देवाचे उपकार मानतो. परंतु मिश्री सोडल्याची साक्ष क्वचितच कानी येते. दारू हे व्यसन आहे हे सर्वांस ठाऊक आहे. मिश्री मात्र मुखमार्जनाची वस्तू समजली जाते. आई लावते, म्हणून मुलगीही लावते. ह्यास्तव ह्या पाठात तिचाच विचार करू.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. भाजल्याने तंबाखूचे विष जळून जाते, ही समजूत खोटी आहे. तिच्यातील निकोटीन तोंडाच्या कोवळ्या त्वचेतून रक्तात शिरते. मिश्री लावताच जी तरतरी वाटते ती त्याचीच होय. आणि न लावल्यास डोके दुखते व जीव कासावीस होतो, तेही व्यसनाचेच लक्षण. दात स्वच्छ झाल्याची ही खूण नव्हे.

मिश्रीने हिरडी मागे सरते, दाताचे मूळ उघडे पडते व थंड पाणी झोंबू लागते. अशा तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. गरोदर स्त्रीने ती लावल्यास बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. भारत सरकारने १९९२ साली दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. परंतु घरच्या तव्यावर पहारा कोण करणार? तेथे आपला विवेकच जागा पाहिजे.

आता हिरड्यांतून येणाऱ्या रक्ताविषयी. दातांवर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. तो न काढल्यास त्याचे टणक कीटण बनते, हिरडी सुजते व घासताना रक्त येते. रक्त पाहून कित्येक जण घासणेच सोडतात, तर कित्येक मिश्री अधिक लावतात. दोन्ही उपाय उलटे आहेत. पुढे दातांना धरून ठेवणारे हाड झिजते व न किडलेला दातही हलू लागतो. मधुमेह असलेल्यांस हा रोग लवकर जडतो, आणि हा रोग वाढला म्हणजे रक्तातील साखर आवरणे कठीण होते. एका अवयवाचे दुःख सर्व शरीरास भोगावे लागते, हा दृष्टांत पौलाने करिंथ येथील मंडळीस दिला; तो तोंडाच्या बाबतीत अक्षरशः खरा आहे.

करावयाचे ते थोडके आहे. सकाळी व रात्री निजण्यापूर्वी मऊ ब्रशाने व फ्लोराइड असलेल्या पेस्टने दोन मिनिटे हलक्या हाताने दात घासावे. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचे घासणे चुकवू नये. तीन वर्षांखालील लेकरास तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे. कोळसा व विटेची पूड वापरू नये. त्याने दाताचे वरचे कवच झिजते व ते पुन्हा येत नाही. तोंडातील व्रण अथवा पांढरा वा तांबडा चट्टा दोन आठवड्यांत न गेल्यास, किंवा तोंड पुरते उघडेनासे झाल्यास, विलंब न लावता सरकारी दवाखान्यात दाखवावे.

उपदेशकांस आमची एक विनंती आहे. पुष्कळ भगिनी मजुरी करताना भूक मारण्यासाठी मिश्री लावतात. उपासनेत उभे राहून त्यांस धिक्कारू नये. प्रथम आपल्या घरातील डबी रिकामी करावी. नंतर सोडू पाहणाऱ्या दोघीतिघींची सांगड घालावी, म्हणजे आरंभीचे कठीण दिवस त्या एकमेकींच्या आधाराने काढतील.

मंडळीत विचारण्याचे प्रश्न :
१. मिश्री न लावल्यास डोके का दुखते?
२. हिरडीतून रक्त आल्यास घासणे सोडावे काय?
३. आपल्या घरी मिश्रीची डबी मुलींच्या हाताशी आहे काय?